चाळीस वर्षं एका फुलाच्या शोधात : एसा ग्रे

मार्च उजाडला की आपल्याकडे पळस पेटतो, पांगारा लाल होतो, काटेसावरीखाली फुलांचा सडा पडतो. ही फुलं शोधायला कुणाला रानात हिंडावं लागत नाही, एसटीच्या खिडकीतूनही दिसतात. पण काही फुलं फार थोडे दिवस येतात. झाड वीतभर उंचीचं आणि तेही ठरावीक ओढ्याच्या सावलीतच. त्या दोन-तीन आठवड्यांत, त्याच काठावर कुणी वाकून पाहिलं तरच ती दिसणार. नाहीतर ते वर्ष गेलंच म्हणायचं.

अशाच एका फुलामागे अमेरिकेतले एक मोठे शास्त्रज्ञ जवळपास चाळीस वर्षं होते. त्यांचं नाव एसा ग्रे. एकोणिसाव्या शतकातले अमेरिकेतले सर्वांत मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून त्यांना जग ओळखतं. हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक आणि चार्ल्स डार्विनचे जवळचे मित्र. कोलोरॅडोत चौदा हजार फुटांवरच्या एका शिखराला त्यांचं नाव आहे. एवढ्या माणसाला जे फूल सापडलं नाही ते शेवटी सापडलं सतरा वर्षांच्या एका गावाकडच्या पोराला. ती गोष्ट आज सांगायची आहे.

कातडी कमावणाऱ्याचं पोर

ग्रे यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८१० चा. न्यूयॉर्क राज्यातलं सक्वॉइट हे त्यांचं गाव. न्यूयॉर्क म्हटलं की डोळ्यांसमोर उंच इमारती येतात, पण हे त्या शहरापासून लांबचं, ओढ्याकाठचं खेडं. वडील मोझेस कातडी कमावायचे, पुढे शेती करू लागले. आई रोक्साना. आठ भावंडांत एसा थोरला.

कातडी कमावायला झाडाची साल लागते. आपल्याकडे बाभळीची साल वापरत, तशी तिकडेही विशिष्ट झाडांची साल वापरली जाई. ती दळायला घाणा असायचा आणि घाण्याला घोडा जुंपलेला. घोडा गोल गोल फिरवायचा आणि घाण्यात साल टाकत राहायचं, हे लहानग्या एसाचं काम. घरात पोटापुरतं होतं, फार काही नव्हतं. पण पोराला वाचनाचं वेड होतं. वडिलांनी त्याला शेतीत अडकवून ठेवलं नाही, फेअरफिल्ड गावच्या शाळेत पाठवलं. तिथेच जवळ वैद्यकीय महाविद्यालय होतं. त्या काळी हुशार मुलाने डॉक्टर व्हावं ही साधी समजूत होती. एसा त्या वाटेला लागला आणि १८३१ मध्ये डॉक्टर झालाही.

मात्र त्याआधीच दुसरं काहीतरी घडून गेलं होतं.

एप्रिलमधलं पहिलं फूल

१८२७-२८ चा हिवाळा. बाहेर बर्फ. एसा तेव्हा सतरा वर्षांचा. एका जाडजूड ज्ञानकोशात वनस्पतिशास्त्रावरचा लेख त्याच्या हाती लागला आणि तो वाचून पोरगा पार गुंगून गेला. त्याने लगेच वनस्पती ओळखायला शिकवणारं एक पुस्तक विकत घेतलं. पुस्तक हातात आलं, पण ओळखायचं काय? रान बर्फाखाली. त्यामुळे वसंताची वाट बघत बसावं लागलं.

एप्रिल आला. झाडांना अजून पानं फुटली नव्हती. एसा उघड्याबोडक्या जंगलात गेला, तर वाळक्या पाचोळ्यातून एक इवलंसं फूल वर आलेलं. ते घरी आणलं, पुस्तक उघडलं आणि पाकळ्या मोजत, पानं बघत, एकेक पायरी उतरत तो नावापर्यंत पोचला. क्लेटोनिया. अमेरिकेच्या पूर्व भागात वसंताच्या अगदी सुरुवातीला येणाऱ्या फुलांपैकी हे एक. फिकट गुलाबी, पाकळ्यांवर गडद रेघा.

इथे एक तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे. क्लेटोनियाच्या दोन सारख्या दिसणाऱ्या जाती आहेत. त्या पुस्तकात दोन्हींची गल्लत केलेली होती. त्यामुळे एसाने पुस्तकातून काढलेलं नाव त्याच्या हातातल्या जातीचं नव्हतंच, ते तिच्या बहिणीचं होतं. हे त्याला पुढे कळलं. पुस्तक सांगतं एक आणि रानात असतं दुसरं, हा धडा पहिल्याच फुलाने दिला. तोच धडा त्याला पुढे फार महागात पडणार होता.

डॉक्टरी त्याने नावापुरतीच केली. न्यूयॉर्क शहरात जॉन टॉरी नावाचे नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांना तो वाळवलेले नमुने पाठवायचा. पुढे त्यांचाच मदतनीस झाला आणि मग दोघांनी मिळून उत्तर अमेरिकेच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहायला घेतला. पगाराची खात्री नाही, नोकरी कायमची नाही, अशा अवस्थेत १८३६ मध्ये ग्रे यांचं पहिलं पाठ्यपुस्तक निघालं. तेव्हा वय होतं पंचवीस.

पॅरिसमधला एक कागद

१८३८ मध्ये मिशिगनच्या नव्या विद्यापीठाने ग्रे यांना प्राध्यापक नेमलं. शिकवायला वर्ग मात्र अजून नव्हते. म्हणून विद्यापीठाने त्यांच्या हाती पाच हजार डॉलर दिले आणि ग्रंथालयासाठी पुस्तकं आणायला युरोपात पाठवलं. त्यांनी सुमारे ३,७०० पुस्तकं घेतली. मिशिगनात त्यांनी पुढे एकही तास घेतला नाही, तो भाग वेगळा.

युरोपात जाण्यामागे त्यांचं स्वतःचंही काम होतं. अमेरिकेतल्या कितीतरी वनस्पतींचे सर्वांत जुने नमुने युरोपातल्या संग्रहांत पडून होते. ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ग्रंथ पुरा होणार नव्हता. १८३९ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयात ते आंद्रे मिशो यांचे नमुने चाळत बसले.

हे मिशो कोण? फ्रान्समधल्या शेतकऱ्याचा मुलगा. फ्रान्सच्या राजाने त्यांना १७८५ मध्ये उपयोगी झाडं शोधायला अमेरिकेत धाडलं होतं. चार्ल्सटन या बंदराच्या शहराजवळ त्यांनी रोपवाटिका केली आणि तिथून घोड्यावर, पायी, स्थानिक चेरोकी वाटाडे घेऊन ते डोंगरात शिरत. १८०२ मध्ये मादागास्करमध्ये तापाने ते वारले.

त्यांच्या नमुन्यांत ग्रे यांना एक कागद दिसला. त्यावर दाबून वाळवलेली काही पानं आणि एक सुकलेलं बोंड. फूल नाही, नावही नाही. सोबत एवढीच नोंद की हे कॅरोलायनाच्या उंच डोंगरांतलं आहे.

पानं गोलसर आणि कडांना दाते असलेली. त्या डोंगरांत गॅलॅक्स नावाची वनस्पती सर्रास आढळते, तिच्या पानांसारखी. पण बोंड बघून ग्रे यांच्या लक्षात आलं की हे वेगळं कुळ आहे आणि जगात कुणीच त्याचं वर्णन केलेलं नाही. पन्नासेक वर्षांपूर्वी एका माणसाने ते तोडून कागदावर चिकटवलं, त्यानंतर कुणीही ते पाहिल्याची नोंद नव्हती.

अमेरिकेत परतल्यावर १८४२ मध्ये ग्रे यांनी त्याला नाव दिलं, शॉर्टिया गॅलॅसिफोलिया. केंटकीमधले डॉक्टर आणि वनस्पती-अभ्यासक चार्ल्स विल्किन्स शॉर्ट यांच्या नावावरून शॉर्टिया, आणि गॅलॅक्ससारखी पानं म्हणून गॅलॅसिफोलिया. म्हणजे बघा, ज्याने नाव दिलं त्यानेही ते जिवंत पाहिलेलं नव्हतं आणि ज्याच्या नावाने ते ओळखलं जाणार होतं त्यानेही नाही. शॉर्ट १८६३ मध्ये गेले. आपल्या नावाचं फूल त्यांनी कधीच पाहिलं नाही.

डोंगर पालथे घातले

नाव देण्याआधीच ग्रे शोधाला लागले होते. १८४१ च्या उन्हाळ्यात ते नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांत गेले. रेल्वे तिथवर पोचलेली नव्हती. खडबडीत वाटा, मुक्कामाला साधी घरं, बरोबर नमुने दाबायच्या कागदांचं ओझं. ग्रँडफादर माउंटन आणि रोन माउंटन हे तिथले नावाजलेले उंच डोंगर ते चढले. मिशोही ग्रँडफादरच्या माथ्यावर जाऊन आले होते, म्हणून आशा जास्त.

इतर बरंच काही मिळालं. लाल रंगाची एक डोंगरी लिली त्यांनी तिथून आणली, तिला पुढे ग्रे यांचंच नाव मिळालं. शॉर्टिया मात्र दिसली नाही. १८४३ मध्ये ते पुन्हा गेले, विल्यम सलिव्हंट नावाचे अभ्यासक मित्र बरोबर होते. पुन्हा हात रिकामे.

चूक कुठे होत होती ते आज आपल्याला कळतं. कागदावर उंच डोंगर लिहिलेलं होतं, म्हणून ग्रे माथे धुंडाळत होते. वनस्पती राहत होती खाली, डोंगराच्या पायथ्याच्या घळींत, ओढ्यांच्या ओलसर सावलीच्या काठांवर. समुद्रकाठाहून आलेल्या मिशो यांना बहुधा तो सगळा मुलूखच उंच डोंगराचा वाटला असेल. दुसरी गोष्ट वेळेची. हे फूल येतं मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, झाडांवर पालवी दाट व्हायच्या आधी. ग्रे उन्हाळ्यात गेले तेव्हा उरली होती फक्त जमिनीलगतची पानं आणि तशा पानांचं गॅलॅक्स तिथे पावलोपावली. शोधणाऱ्याने काय ओळखायचं!

जागा चुकली आणि हंगामही चुकला. रानातल्या वस्तूचं असंच असतं. करवंद कुठल्या उतारावर आधी पिकतं, अळंबी कुठल्या पावसानंतर कुठल्या वारुळाशी उगवते, हे जो रोज त्या वाटेने जातो त्यालाच माहीत.

मधली वर्षं

१८४२ मध्ये ग्रे हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. पगार वर्षाला हजार डॉलर. तिथे गेले तेव्हा वनस्पतींचा म्हणावा असा संग्रह नव्हता. त्यांनी तो उभा केला. देशभरातून सैनिक, रस्ते मोजणारे, पाद्री, शाळामास्तर त्यांना पुडकी पाठवायचे. ते प्रत्येकाला उत्तर लिहायचे, नाव कळवायचे. अशा रीतीने जमलेले सुमारे दोन लाख नमुने आणि २,२०० पुस्तकं त्यांनी १८६० च्या दशकात विद्यापीठाला देऊन टाकली.

१८४८ मध्ये त्यांचं लग्न झालं, पत्नी जेन लोरिंग. त्यांना मूलबाळ नव्हतं. प्रवासात जेनबाई बहुतेक वेळा बरोबर असत. त्याच वर्षी अमेरिकेच्या उत्तर भागातल्या वनस्पती ओळखण्याचं त्यांचं मार्गदर्शक पुस्तक निघालं. ते इतकं चाललं की त्यांच्या मृत्यूनंतरही साठेक वर्षं नव्या आवृत्त्या निघत राहिल्या. लहान मुलांसाठीही त्यांनी लिहिलं. सतराव्या वर्षी आपल्याला चुकीचं नाव सांगणारं पुस्तक मिळालं, पुढच्या पोराला बरोबर नाव मिळावं, असं त्यांना वाटलं असेल तर नवल नाही.

डार्विनशी त्यांचा पत्रव्यवहार दाट होता, सुमारे तीनशे पत्रं. नैसर्गिक निवडीचा विचार जगासमोर मांडण्याआधी डार्विनने ज्या मोजक्या लोकांना सांगितला, त्यांत ग्रे होते. सप्टेंबर १८५७ मध्ये डार्विनने त्यांना लिहिलेल्या पत्राचा भाग १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या सभेत वाचला गेला, हा विचार डार्विनने आधीच मांडला होता याचा पुरावा म्हणून. ग्रे श्रद्धाळू ख्रिस्ती होते. तरीही अमेरिकेत डार्विनची बाजू जाहीरपणे लढवणारे ते पहिल्या फळीतले. देव मानणं आणि पुरावा मानणं यांत त्यांना भांडण दिसलं नाही.

याच काळात त्यांनी एक मोठा शोध लावला आणि तो आपल्या फुलाशी जोडलेला आहे. जपानहून आलेले नमुने तपासताना त्यांना दिसलं की अमेरिकेच्या पूर्व भागातल्या कितीतरी वनस्पतींचे सख्खे भाऊबंद जपान आणि आजूबाजूच्या प्रदेशात आहेत. मधल्या हजारो मैलांत मात्र ते नाहीत. त्यांनी मांडलं की फार पूर्वी या वनस्पती उत्तरेकडे सलग पसरलेल्या असाव्यात. मग थंडी वाढली, त्या दक्षिणेला सरकल्या आणि मधला पट्टा तुटला. शॉर्टियाचीही एक बहीण जपानच्या डोंगरात निघाली. त्यामुळे ग्रे यांची खात्री आणखी पक्की झाली की पॅरिसचा तो कागद खोटा नाही. बहीण जपानात आहे, तर ही कॅरोलायनात कुठेतरी असणारच.

पण सापडत नव्हती. कॅरोलायनाला जाणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाच्या यादीत शॉर्टिया असायची. त्यातच १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटलं आणि उत्तरेकडच्या माणसाला तिकडे पाय ठेवणं अशक्य झालं. वर्षं जात राहिली. ग्रे यांची दाढी पांढरी झाली. काही जणांना वाटू लागलं की ही वनस्पती आता नष्टच झाली असेल.

नदीकाठचा मुलगा

नॉर्थ कॅरोलायनात स्टेट्सव्हिल नावाचं गाव आहे. त्या काळी तिथे जडीबुटीचा मोठा व्यापार चाले. डोंगरातली माणसं मुळ्या, साली, पानं गोळा करून विकत. आपल्याकडे हिरडा, बेहडा, गुळवेल गोळा करतात तसंच. या धंद्यात मोर्डेकाय हायम्स नावाचे जाणकार होते. त्यांचा मुलगा जॉर्ज, वय सतरा.

मे १८७७ मध्ये मॅरियन गावाजवळ, कटॉबा नदीच्या काठावर जॉर्जला एक ओळखीची नसलेली वनस्पती दिसली. त्याने ती उचलून घरी आणली. एवढंच. त्याने पॅरिसचं नाव ऐकलं असो वा नसो, वेगळं काहीतरी आहे हे त्याच्या डोळ्याला कळलं, हे महत्त्वाचं. वडिलांनाही ती ओळखता आली नाही. नमुना तसाच पडून राहिला.

गंमत अशी की त्याच उन्हाळ्यात ग्रे पश्चिमेकडच्या रॉकी पर्वतांत हिंडत होते. बरोबर होते इंग्लंडहून आलेले मित्र जोसेफ हूकर. हे तेच हूकर, ज्यांच्या ब्रिटिश भारताच्या वनस्पतींवरच्या सात खंडांत आपल्या सह्याद्रीतल्या कितीतरी झाडाझुडपांची शास्त्रीय वर्णनं आहेत. जगातले दोन मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ हजारो फुटांवर फुलं वेचत होते. आणि ज्यासाठी एकाचं अर्धं आयुष्य गेलं ते फूल कॅरोलायनातल्या एका घरात सुकून पडलं होतं.

पुढे दीडेक वर्षाने हायम्स यांनी तो नमुना ऱ्होड आयलंड राज्यातल्या काँग्डन नावाच्या हौशी अभ्यासकाकडे पाठवला. काँग्डन यांना शंका आली. ऑक्टोबर १८७८ मध्ये त्यांनी ग्रे यांना कळवलं. ग्रे यांनी ताबडतोब नमुना मागवला.

पुडकं उघडलं. गोलसर, दातेरी कडांची पानं. आणि या वेळी बरोबर फूलही होतं. ग्रे तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होत आले होते. पॅरिसमध्ये तो कागद हातात घेतला तेव्हा ते तिशीचेही नव्हते. त्यांनी मित्रांना लिहिलेल्या पत्रांत आनंद मावत नव्हता. इतकी वर्षं धरून ठेवलेला विश्वास खरा ठरला होता. फूल नसताना, केवळ बोंड आणि पानं बघून त्यांनी जे कुळ ठरवलं होतं, ते फुलानेही बरोबर ठरवलं.

ग्रे यांनी ही बातमी शास्त्रीय नियतकालिकात छापली तेव्हा शोधाचं श्रेय हायम्स बापलेकांना दिलं. विद्यापीठात बसणाऱ्याने हातातल्या माहितीवर आपलं नाव टाकायचं आणि रानात जाणाऱ्याला विसरायचं, हे सगळीकडे चालतं. ग्रे यांनी तसं केलं नाही.

जूनमधली भेट

१८७९ मध्ये ग्रे स्वतः निघाले. सोबत जेनबाई आणि सार्जंट, कॅनबी, रेडफील्ड हे अभ्यासक मित्र. मॅरियनजवळच्या त्या नदीकाठी ते पोचले. सावलीतला जमिनीचा लहानसा तुकडा आणि त्यावर पसरलेली शॉर्टियाची चकचकीत पानं. पॅरिसच्या कागदानंतर बरोबर चाळीस वर्षांनी एसा ग्रे जिवंत शॉर्टियासमोर उभे होते.

फक्त महिना जूनचा होता. फुलं केव्हाच होऊन गेली होती.

या तुकड्यानेही सगळं कोडं सुटलं नव्हतं. मिशो इथे आलेच नव्हते, मग त्यांना ती कुठे मिळाली? त्याचं उत्तर मिळायला आणखी सात वर्षं लागली. १८८६ च्या शरद ऋतूत सार्जंट यांनी मिशोच्या रोजनिशीतला मजकूर धरून दोन्ही कॅरोलायनांच्या सीमेवरचा भाग पाहिला. मॅरियनपासून बरंच दूर, नैऋत्येला, कीओवी नदीच्या उगमाकडच्या घळींत त्यांना शॉर्टिया भेटली. एखाददुसरं रोप नव्हे, ओढ्यांचे काठच्या काठ भरलेले. मिशोने पत्ता बरोबरच दिला होता. तो वाचायला शंभर वर्षं गेली.

ही बातमी ग्रे यांच्या हयातीतच आली, हे बरं झालं. त्याआधी १८ नोव्हेंबर १८८५ रोजी त्यांच्या पंचाहत्तरीला देशभरातल्या सुमारे १८० वनस्पती-अभ्यासकांनी वर्गणी काढून त्यांना चांदीचा कलश दिला. त्यावर ग्रे यांच्या आयुष्याशी जोडलेल्या वनस्पती कोरल्या होत्या. मानाच्या जागी एका बाजूला त्यांच्या नावाची ग्रेया आणि दुसऱ्या बाजूला शॉर्टिया. ज्यांनी दिला त्यांनाही ठाऊक होतं, या माणसाचं मन कुठे गुंतलं आहे.

१८८७ च्या अखेरीस त्यांना पक्षाघात झाला. ३० जानेवारी १८८८ रोजी केंब्रिज गावी राहत्या घरी त्यांचं निधन झालं. वसंताला अजून दीड महिना होता.

पाण्याखाली गेलेली घळ

शॉर्टियाला तिकडचे लोक आता ओकोनी बेल्स म्हणतात, ओकोनी परगण्यातल्या घंटा. बोटभर देठावर एकेकटं लटकलेलं, पांढरं, कधी गुलाबी झाक असलेलं घंटेसारखं फूल. पाच पाकळ्या, कडा कातरल्यासारख्या. पानं वर्षभर टिकतात, हिवाळ्यात तांबूस होतात. अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच परगण्यांत ती निसर्गतः वाढते. तिचं बी बारीक असतं, फार दूर जात नाही आणि फार काळ टिकतही नाही. त्यामुळे एका घळीतून संपली की शेजारच्या घळीतून आपोआप परत येईल असं होत नाही.

सापडल्यावर तिच्यामागे संकटंही लागली. बागांच्या हौसेसाठी ती रानातून उपटली गेली. आणि १९७० च्या दशकात वीजनिर्मितीसाठी धरण बांधलं गेलं. जोकासी सरोवर भरलं. मिशो ज्या नदीखोऱ्यात हिंडले आणि सार्जंट यांनी जे ओढे शोधून काढले, त्यांतला मोठा भाग पाण्याखाली गेला. शंभर वर्षं हरवलेला पत्ता सापडला आणि नव्वद वर्षांत बुडाला. धरणात गाव गेलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

सगळंच गेलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. सरोवराच्या काठी डेव्हिल्स फोर्क नावाचं राज्य उद्यान आहे. तिथे ओढ्याच्या कडेने छोटी पायवाट केली आहे. मार्चच्या मध्यावर लोक लेकरंबाळं घेऊन येतात, वाकून, गुडघे टेकून ती फुलं बघतात. तोडायची नाहीत, उपटायची नाहीत. जे बघायला ग्रे यांनी जन्मभर धडपड केली, ते आता कुणालाही तासाभराच्या चालण्यात दिसतं. योग्य आठवड्यात गेलं पाहिजे, एवढीच अट.

एसा ग्रे यांचं आयुष्य वाचताना हार्वर्ड, डार्विन, चांदीचा कलश हे सगळं मोठं वाटतं आणि ते आहेच. पण त्यांच्या संग्रहातले दोन लाख नमुने एकट्याने जमलेले नव्हते. ज्याला त्या जागेची खबर होती अशा कुणीतरी ते वाकून उचलले आणि ग्रे यांनी प्रत्येकाच्या पत्राला उत्तर दिलं. आपल्या तालुक्यातही गुरं राखणारा, औषधी मुळ्या गोळा करणारी आजी, शाळेच्या वाटेवर रान तुडवत जाणारं पोर यांच्या डोळ्यांना अशा कितीतरी गोष्टी दिसत असतात. कुठलं फूल कुठल्या ओढ्याला, कुठल्या आठवड्यात येतं, हे त्यांना ठाऊक असतं. त्यांनी सांगितलं तर कुणीतरी ऐकून घेतलं पाहिजे आणि लिहूनही ठेवलं पाहिजे. तो ओढा आहे तोवरच.